हुंब पाडत नाहीत

१२ एप्रिल १९९८

कॉलेज सोडल्याचं आज घरी सांगून टाकलं. सोडून तीन महिने झाले, पण रोज डबा घेऊन बाहेर पडत होतो. बाबा रामकुंडावरून आले, सोवळं फेडलं आणि शांतपणे म्हणाले, "लोकांची पोरं बाप गेल्यावर पिंड देतात. तू जिवंतपणीच उरकलंस." मी ताट सरकवून उठलो.

सोडलं ते बरंच केलं. माझे वनस्पतींचे नमुने दुसऱ्याचे आहेत असं सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले. अपूर्वासमोर म्हणाले. मी पानं दाबायचा लाकडी प्रेस उचलून खिडकीबाहेर भिरकावला. पश्चात्ताप नाही. काच फुटली तिचाही नाही.

अपूर्वा परवा लायब्ररीच्या जिन्यात भेटली. तिचं एम.एस्सी.चं प्रोजेक्ट रानफळांवर आहे. बावीस नावांची यादी दाखवली. शेवटचं नाव हुंब, पुढे प्रश्नचिन्ह. म्हणाली, "हे काही मिळायचं नाही रे. एका जुन्या सरकारी पुस्तकात नुसतं नाव सापडलं. कोणी आणून दिलं ना, तर जन्मभर विसरणार नाही त्याला."

'त्याला' म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

१९ एप्रिल

पेठपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपच्या मागच्या दांडीला लटकलेला एकजण भेटला. सोमा. माझ्याच वयाचा, गळ्यात तुळशीची माळ, हसला की हिरड्या दिसतात. रानफळं हवीत म्हटल्यावर म्हणाला, "सायेब, फळं मला ठावं हायेत, पण नावं माझ्या आयला." करंजपाड्यावर त्याच्या घरी गेलो. आई कुसाबाई आणि बायको आशा, दोघी अंगणात मोहाची फुलं निवडत होत्या.

मी यादी वाचायला लागलो. आळू म्हटल्यावर मीच म्हणालो, "हे माहीत आहे, पानांची भाजी करतात, फतफतं." म्हातारीला हसून हसून ठसका लागला. "बामनाच्या पोरा, आळूचं झाड आसतंय. काटं आसत्यात त्याला. पानं खाशील तर शेळी व्हशील!" सोमा बायकोकडे बघून डोळे मिचकावत होता. राग आला होता, पण गिळला. वहीत लिहून ठेवलं: शब्द विचारून घेणे.

हुंब म्हटल्यावर मात्र कुसाबाईने हातातली फुलं खाली ठेवली. मग बोटाचं पेर दाखवलं. एवढं फळ, काळं जांभळं, वर मखमल, घोसानं लोंबतं. आत दोन-चार बिया, आणि गोडी अशी की जीभ आत ओढली जाते. खाऊन पंधरा वर्षं झाली. "कोळसेवाल्यांनी नेली समदी झाडं. एखादं कड्याच्या अंगाला ऱ्हायलं आसंल. पर बघ, हुंब पाडत नाय. उतरवतात. पाडलं की फुटतं, फुटलं की मुंग्यांचं. झाडावर चढायचं, देठ खुडायचा आन झोळीत ठेवायचा, निजलेल्या लेकरावानी."

मला झाडावर चढता येत नाही. सोमा म्हणाला, "मी हाय ना."

३ मे

तोरणं, टेंभरं, आळू, चारं अशी चौदा फळं देठापानांसकट घेऊन अपूर्वाकडे गेलो. तिथे धवल नावाचा एक इसम कॅमेरा गळ्यात घालून बसला होता. पुण्याचा. ती ओळख करून देताना म्हणाली, "हे शामसुंदर, आमच्या वर्गात होते." होते! धवलने टेंभराचं फळ दोन बोटांत धरलं आणि म्हणाला, "खाल्लं तर काही होत नाही ना?" कॅमेऱ्यासकट त्याला गॅलरीतून खाली पाठवावं असं वाटलं.

निघताना ती म्हणाली, "अरे शाम, हात बघ किती ओरबाडलेत."

हात बघितले तिने. आज एवढं पुरे.

१२ मे

एसटीत सगळे राजस्थानातल्या बाँबबद्दल बोलत होते. जो तो छाती काढून. मी करंजपाड्यावर पोचलो तर सोमा नाही. दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत कामाला गेलाय म्हणे. मी सांगितलं होतं की येतोय, तरी गेला. आशावहिनी म्हणाल्या, "पावसाच्या आत कौलं घालायची हायेत, भाऊ. यील उद्या." मी ओट्यावर बसून राहिलो. कुसाबाईने विचारलं, "कुणासाठी रं एवढी वणवण? लगीन ठरलंय का?" मी म्हटलं, ठरल्यातच जमा आहे.

१४ मे

झाड सापडलं! हुंब! कड्याच्या टोकाशी तिरकं उभं आहे, खोड सरळ, फांद्या दरीवर. फळं घोसाघोसाने, पण हिरवी. सोमा म्हणाला, "पंधरा दिस लागतील." मी खोडाला मिठी मारली. तो हसला. "शामभाऊ, झाडाला मारताय का तिला?"

त्याचं एक मात्र बरं नाही. येताना दोनदा बसला, एकदा ओकला. सावलीतसुद्धा घामाने भिजलेला. घरी आल्यावर मी विचारलं तर कुसाबाई सहज म्हणाली, "औषध चढलं आसंल, दुसरं काय."

म्हातारीने सरळच सांगून टाकलं. आमच्या गल्लीतले दत्तूकाकाही रोज संध्याकाळी 'औषध घेऊन' येतात आणि भिंतीला धरून जिना चढतात. मोहाच्या मुलखात तर विचारायलाच नको. गळ्यात माळ आणि पोटात औषध. मला झाडाशी मतलब.

२० मे

एसटीडी बूथवरून अपूर्वाला सांगितलं. "खरंच?" म्हणून ओरडली. तिचा तो आवाज मी बूथपासून घरापर्यंत कानात सांभाळून आणला. चार जूनच्या आत आण म्हणाली, दहाला प्रोजेक्ट द्यायचंय. शेवटी म्हणाली, "धवललाही सांगते, पिकलेल्याचा फोटो हवा." त्यावर मी फोन ठेवला. बूथवाल्याशी मात्र भांडलो.

२८ मे

एव्हाना हुंब पिकलं असणार या हिशेबाने आज सकाळीच करंजपाड्यावर आलो. सोमा पुन्हा दिंडोरीला जाऊन कालच परतलाय आणि भिंतीला टेकून बसलाय. शर्टावर निळसर डाग, डोळ्यांतून पाणी, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. पापणी आपोआप उडते. मी डोळ्यांत बघितलं, बाहुल्या मोहरीएवढ्या.

"शामभाऊ, दोन दिस पडू द्या. डोळ्यांफुडं धुकं हाय."

"औषध चढलंय त्याला," कुसाबाई म्हणाली. "लय चढलंय यंदा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग माळ कशाला घातलीस? काढ आणि खुंटीला अडकव."

त्याने माळ मुठीत धरली. "मी थेंबाला शिवत नाय."

"मग हे काय आहे?"

"वास घ्या की तोंडाचा," म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. मी खरंच घेतला. मोहाचा नव्हता. लसणासारखा काहीतरी. वास मारायला लोक काय काय चघळतात हे मला कोणी शिकवायला नको.

आशावहिनी म्हणाल्या, "उद्या दिंडोरीला डाक्टरकडं नेते त्यांना."

"झिंगलेल्याला डॉक्टर? एक दिवस थांबा वहिनी. उद्या फळं उतरवू, परवा मी स्वतः नेतो." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरं."

थोडं कडक बोललो खरा. पण माणसाला लाज आणली तर तो उभा राहतो. राहिलाच ना.

२९ मे

नाशिकच्या सरकारी दवाखान्यात, बाकावर. दिवे आत्ताच लागले.

सोमा चढला. सावकाश, पण चढला. मी खाली दोराचं टोक धरून उभा. फळं काळीभोर झाली होती. एकेक देठ खुडून त्याने झोळी भरली, दोराने माझ्यापर्यंत सोडली. मी झोळीत हात घातला. मखमल. वर बघून म्हटलं, "बास, ये खाली." तो फांदीला धरून होता. त्याचा हात निसटला नाही. हात उघडला. मी बघत होतो.

खाली दोन माणूस उंचीएवढ्या खोल कपारीत पडला. मांडी मोडली, पण शुद्धीवर होता. पाड्यावरच्या मंगळूने आणि आणखी दोघांनी त्याला घोंगडीत घालून वर आणलं. जीप मिळेपर्यंत दुपार. मी आणि आशावहिनी बरोबर आलो.

डॉक्टर तरुण होता, दमलेला. पाय बघितला, मग डोळ्यांत बॅटरी मारली आणि थांबला. "काय घेतलंय याने?"

"औषध चढलंय," आशावहिनी म्हणाल्या.

डॉक्टरने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "कसलं?" त्या पदर तोंडाशी धरून बोलायला लागल्या, ते धड ऐकूही येईना. मी पुढे झालो. "दारू हो, डॉक्टर. त्यांच्यात औषध म्हणतात."

"काम काय करतो?"

"माझ्याबरोबर रानफळं गोळा करतो."

"काल कुठे होता?"

"माझ्याबरोबरच."

त्याने कागदावर लिहिलं. पाय बांधला, सलाईन लावलं. उतरेल सकाळपर्यंत, म्हणाला.

मी नसतो तर त्या बाईचं इथे कोणी ऐकूनही घेतलं नसतं. झोळी मांडीवर आहे. एकही फळ फुटलेलं नाही.

३० मे

उतरली नाही. छातीत घरघर. आशावहिनी त्याच्या तोंडाची लाळ पुसतात, पुन्हा येते.

३१ मे

सोमा गेला. पहाटे.

२ जून

पोलिसांनी जबाब घेतला. 'दारूच्या नशेत झाडावरून पडून.' मी सही केली. करंजपाड्यावर जायचं धैर्य झालं नाही. माणूस पितो, पडतो, यात दुसऱ्याचा काय दोष? हेच वाक्य सकाळपासून चार वेळा मनात म्हटलं. एकदा म्हणून भागत नाही.

४ जून

फळं दिली. फॉर्मॅलिनच्या बाटलीत तिने एकेक घोस सोडला. त्या वेळचा तिचा चेहरा बघायला मी दीड महिना रान तुडवलं. चेहरा खरंच तसाच होता, मला वाटला होता तसा. फक्त ती बाटलीकडे बघत होती.

सोमाचं सांगितलं. "अरे देवा," म्हणाली. धवल म्हणाला, "हे लोक पितात फार." मी मान हलवली.

मग तिच्या आईने पेढे आणले. वीस तारखेला दोघांचा साखरपुडा. "तुम्ही यायचं हं नक्की." अपूर्वा बाटलीवर नाव लिहीत होती, वर बघितलं नाही.

पेढा हातात घेऊन कॉलेज रोडवर आलो आणि गटारात फेकला. घरी येऊन दार लावून घेतलं. कपाटावर डोकं आपटलं. ज्याच्यासाठी सगळं केलं तेच गेलं. माझ्याइतकं नुकसान कोणाचं झालं असेल असं वाटत नाही.

९ जून

आशावहिनींनी मंगळूकडे निरोप धाडला होता. सोमाची वळकटी दिंडोरीच्या बागेत राहिलीय, तुम्हाला जवळ पडेल, आणून द्या. नाही म्हणता आलं नाही.

बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत देवराम नावाचा म्हातारा मजूर होता, सुरगाण्याकडचा. वळकटी काढून देताना म्हणाला, "तुमीच का शामभाऊ? लय सांगायचा तुमचं. दोन मैने नळी धरून व्हता इथं, तोंडाला नुसतं फडकं. शेवटच्या टायमाला लय चढलं त्याला. मी म्हटलं, आधी दवाखान्यात जा. सुई घेतली की उतरतं."

मी विचारलं, "दारूवर सुई?"

"कसली दारू? माळकरी माणूस तो." म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. "औषध. फवारणीचं. मागल्या साली मला चढलं व्हतं. आसंच, लाळ, घाम, डोळ्यांफुडं धुकं. डाक्टरला नुसतं सांगायचं, बागेत काम करतो, औषध चढलंय. त्यो समजतो. मला तीन दिसांत उभं केलं."

बाहेर ट्रॅक्टर चालू होता.

"पर सोमा म्हणे, शामभाऊचं झाड पिकलंय, ते उतरवून देतो आन मंग जातो."

द्राक्षाला औषध मारतात हे नाशकात शेंबडं पोर सांगेल. मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते विचारावंसं वाटलं नाही, कारण मला आधीच सगळं कळलेलं होतं.

१० जून

वळकटी घेऊन करंजपाड्यावर गेलो. कुसाबाई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी आलोय हे तिला कळलं, पण वळली नाही. आशावहिनी कुंपणाला काट्या बांधत होत्या.

"वहिनी, औषध म्हणजे फवारणीचं?"

"मंग कंचं?"

"तुम्ही डॉक्टरला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. तुमच्याफुडंच सांगितलं."

"नंतर. मी चूक सांगत होतो तेव्हा."

त्यांनी काटीची गाठ दाताने घट्ट आवळली आणि मग म्हणाल्या, "तुमी बोलत व्हते ना."

एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. भांडण मला जमतं.

११ जून

घरी बाबांना सांगितलं, सगळं. ते जानव्याशी चाळा करत ऐकत राहिले. मला वाटलं, एखादा टोला देतील. म्हणाले, "त्याचं बारावं-तेरावं कोणी केलं का?" मी म्हटलं, त्यांच्यात वेगळं असतं, मला माहीत नाही. "मग विचारायचं," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "विचारायचं, शाम."

१३ जून

काल तालुक्याच्या ठाण्यात तीन तास बसलो. जबाब बदलायचाय म्हटल्यावर जमादार हसले. "बदलायला तो काय सदरा आहे? तेव्हा खोटं बोललात का आत्ता बोलताय?"

"तेव्हा."

"शिकलेले दिसता."

"अर्धवट."

दारूचं नाव कागदावरून काढलं तर बागवाल्याकडून बाईला काही मिळू शकेल का, विचारलं. म्हणाले, बघू, पण बायकोचा जबाब लागेल, तिला घेऊन या. म्हणून आज सकाळी पहिल्या जीपने करंजपाड्यावर गेलो. आशावहिनी फाट्यावरच भेटल्या, डोक्यावर बोचकं, आणखी सात-आठ बायका. जीपची वाट बघत होत्या.

"कुठे निघालात?"

"दिंडोरीला. शेंडे खुडायला."

"कुठल्या बागेत?"

"त्याच. दुसरीकडं कोण वळखतंय आमाला?"

मी सगळं सांगितलं. कागद, जमादार, सही. त्या ऐकत होत्या, पण डोळे रस्त्याकडे. जीप वळणावर दिसली. मी घाईने म्हणालो, "वहिनी, एक दिवस थांबा फक्त."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोललो ते मलाच ऐकू आलं.

"तुमी जावा," त्या म्हणाल्या. "तुमाला लिवता येतंय." बोचकं टपावर गेलं, बायका आत बसल्या. एकीने दुसरीला सरकायला सांगितलं, कोणीतरी हसलं. जीप गेली.

आता पुन्हा ठाण्यातच, बाकावर आहे. जमादारांना म्हटलं, "बाई येणार नाहीत. माझ्या एकट्याचा जबाब घ्या."

"तुमच्यावर शेकेल हे. कळतंय ना?"

"हो."

"मग तारीखवार लिहा. तो बागेत कधी गेला, कधी आला, तुम्ही काय बघितलं, डॉक्टरला काय सांगितलं."

तारखा आठवेनात म्हणून पिशवीतून ही वही काढली. त्यांनी उलटी करून चाळली, चष्मा लावून मधलं एक पान वाचलं, मग पुढचं. नंतर म्हणाले, "नवा जबाब कशाला? हीच ठेवून जा."

वरच्या चार ओळी लिहायला म्हणून परत मागून घेतलीय. अपूर्वाची पानं फाडून घ्यावीत असं एकदा मनात आलं. पण बघितलं, तर ती फाडली की मागच्या बाजूचा सोमा जातो. फाडली नाहीत. तशीच देतोय.